बारा किलोची गादी

कापूस विकायला नेला की व्यापारी काय काय करतो, ते कोणत्याही कास्तकाराला विचारा. आधी बंडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस वर काढतो. वरचा पांढरा आणि खालचा कवडी तर नाही, हे पाहतो. मग चार बोंडांचा कापूस चिमटीत धरून धागा ओढतो, लांबी बघतो. सरकी दाताखाली फोडून ओल पाहतो. नंतर काटा. काट्यावर कट्टी कापतो ती वेगळीच. एवढं सगळं सोसून, चुकाऱ्याचे पैसे खिशात घालून आपण कधी गादी घ्यायला दुकानात जातो. तेव्हा आपण काय पाहतो? खोळीवरची फुलं.

मीही फुलंच पाहिली होती. तो किस्सा सांगायचा तर थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव दारव्ह्याच्या अंगाला. शकुंतला गाडी जवळून जायची. ही मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज इंग्रजांच्या काळात टाकली ती माणसांसाठी नाही, कापसासाठी. माणसं मागाहून बसली. वऱ्हाडाचा इतिहास पाहिला तर तो बराचसा कापसाच्या गाठींवरच लिहिलेला आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आमच्या कापसाची आठवण झाली. भाव आकाशाला भिडले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली खामगावला कापसाच्या बाजारापर्यंत फाटा टाकला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कापसासाठी व्हाइसरॉय खामगावला येतो, म्हणजे बघा.

पण ज्यांनी हा कापूस वेचला त्यांच्या पाठीखाली काय होतं? वाकळ.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६५-७० च्या सुमारास, आमच्या घरात गादी नव्हती. आमच्याच काय, गावातल्या चार-दोन वाडे सोडले तर कोणाच्याही घरात नव्हती. बाज होती ती बाबांसाठी आणि पाहुण्यासाठी. बाकी सगळे सारवलेल्या जमिनीवर. खाली पोतं, पोत्यावर वाकळ. आजीच्या लुगड्यांचे आणि बाबांच्या धोतरांचे थर टाकून माय वाकळ शिवायची. हिवाळ्यात दोन वाकळा लागायच्या आणि आम्ही भावंडं चार, म्हणून ओढाताण.

आम्हाला मऊ झोपायला मिळायचं ते वर्षातून एकदाच. सीतादहीचा नैवेद्य वावरात दाखवून वेचणी लागली की घरात कापूस यायचा. बाबा भाव वाढायची वाट पाहत तो आतल्या खोलीत साठवून ठेवायचे. पार आढ्याला टेकेल एवढी गंजी. आम्ही पोट्टे त्या गंजीवर झोपायचो. राजासारखं वाटायचं. सकाळी मात्र अंग खाजवून लाल व्हायचं. घरात साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, त्याची खाज ज्याला सुटली त्यालाच ठाऊक. तरी आम्ही रोज तिथंच झोपायला जायचो. मग एके दिवशी पहाटे बंडी भरली जायची, खोली रिकामी व्हायची, आणि त्या रात्री पुन्हा वाकळ. लहानपणी मला कापूस विकल्याचा आनंद कधी झाला नाही, तो यामुळे.

शाळेत आम्हाला टकळीवर सूतकताईचा तास होता. पेळू गुरुजी आणायचे. सेवाग्राम आमच्यापासून फार दूर नाही, त्याचाच तो वारसा. पण कातलेल्या सुताचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. ते असो.

आमच्या घरात पहिली गादी आली ती आली आणि लगेच गेली. १९७९ साली ताईचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी हुंडा नको म्हटलं, मोठेपणा दाखवला, आणि मग बैठक उठता उठता म्हणाले, "पलंग-गादी तेवढी द्या, बाकी काही नाही." बाबांनी मान हलवली. पलंग दिग्रसच्या सुताराकडून उधारीत आला. गादीचा प्रश्न राहिला.

त्या काळात राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासून. केंद्रावर ग्रेडर बसायचा आणि तो म्हणेल तो दर्जा. धागा लांब तर भाव चांगला. त्यामुळं सगळ्यांची धाव लांब धाग्याकडं. गुजरातेत सुरतेला १९७० साली एच-४ हा संकरित वाण निघाला होता, तो आमच्याकडंही पोचला होता. बाबांनी तो भारी जमिनीत लावला. पण बरडावर मात्र ते दरवर्षी पाच-सात तास देशी पऱ्हाटीचे टाकायचे. तिला खत नको, फवारा नको. बोंडं लहान, वाऱ्यानं कापूस जमिनीवर गळायचा, वेचणाऱ्या बाया कुरकुरायच्या. धागा आखूड आणि जाडाभरडा, केंद्रावर त्याला कोणी विचारत नसे. मी तेव्हा नुकता मॅट्रिक झालेलो, मला स्वतःला फार शहाणा समजायचो. मी म्हटलं, "बाबा, कायले लावता हा कापूस? भाव तं भेटत नाही."

बाबा म्हणाले, "हा इकासाठी नाही. हा झोपासाठी हाये."

त्याचा अर्थ मला पिंजारी चाचा आले तेव्हा कळला. उलंगवाडी झाली, म्हणजे वावरातली शेवटची वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या, की मृगापर्यंतच्या मोकळ्या दिवसांत चाचा खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव फिरायचे. माणसाएवढ्या उंचीचं ते हत्यार. एका टोकाला फळी, दुसरीकडं वाकडा दांडा, आणि मध्ये ताणलेली आतड्याची तांत. रुईत तांत बुडवायची आणि हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर मारायचं. टँव टँव टँव. गावात शिरले की त्या आवाजावरूनच बायांना कळायचं.

आजीनं माळ्यावरचा जुना रेचा काढला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, झाडावरून वेचतो तो कापूस, त्यातली सरकी काढली की उरते ती रुई. कापसाच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. बाबांनी देशी कापूस मोजून छत्तीस किलो दिला. आठ दिवस आजी आणि माय रेच्यावर बसल्या, तेव्हा बारा किलो रुई झाली.

माझ्या डोक्यात आलं की मुलाकडच्यांना चांगलं दिसावं म्हणून एच-४ ची रुई घालावी. पांढरी शुभ्र, रेशमासारखी. मी चाचांना दोन्ही दाखवल्या. चाचांनी एका हाताच्या मुठीत एच-४ दाबली आणि दुसऱ्या हातात देशी. थोडा वेळ धरली आणि दोन्ही मुठी एकदम उघडल्या. देशी रुई हळूहळू फुगून वर आली. एच-४ ची तशीच गोळा होऊन बसली.

"ये कपडे की रुई है," चाचा म्हणाले, "और ये गादी की. लंबा धागा एक-दुसरे को पकड लेता. बैठ गया तो बैठ गया. ये भरडा है ना, ये उठता."

गादीबद्दल आयुष्यात मी जे काही शिकलो त्यातलं अर्ध त्या दोन मुठींत होतं. जो धागा सुतासाठी चांगला तो गादीसाठी चांगला असेलच असं नाही. लांब, तलम धागे एकमेकांत गुंततात आणि दाबानं त्यांच्या गुठळ्या होतात. आखूड, राठ धाग्यात स्प्रिंगसारखा जीव असतो.

चाचांनी अंगणात दोन दिवस काम केलं. पिंजलेली रुई धुक्यासारखी ढिगानं पडली, बारा किलोचा ढीग अर्ध्या अंगणाएवढा दिसायचा. पट्ट्यापट्ट्याच्या गादीपाटाची खोळ तीन बाजूंनी शिवून उलटी अंथरली. तिच्यावर रुईचे थर लावले, मधे थोडे जास्त, कारण माणसाचं वजन कमरेत असतं. मग एका बाजूनं सगळं गुंडाळत नेऊन खोळीत हात घालून ती अशी काही उलटवली की रुई आपोआप आत गेली. आजही मला ते नीट सांगता येत नाही. काठीनं बडवून सारखी केली. दाभणानं कड बांधली आणि वीत-वीत अंतरावर आरपार टाके मारले. टाके जवळ मारले की रुई सरकत नाही, लांब मारले की वर्षात एका बाजूला गोळा होते. चाचा हे सगळं करताना खोकत होते. रुईची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली. तोंडाला उपरणं बांधायचे, पण त्यानं काय होतं.

गादी झाली तेव्हा माय तिच्यावर एकदा बसली. फक्त बसली. हात फिरवला, आणि उठून म्हणाली, "घाला बाप्पा घडी. लेकीची हाये." आयुष्यभर कापूस वेचलेली बाई. मंडपात ती गादी पलंगावर टाकून मांडली, पाहुण्यांनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत टाकून गेली.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत सगळंच बदललं. देशी पऱ्हाटी आमच्या शिवारातून गेली. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत दुसरं बियाणंच दुकानात दिसेना. बाबा वारले त्यानंतर बरडावरचे तास मीही बंद केले. कोण वेचत बसणार? चाचांच्या मुलानं दारव्ह्यात पिंजायचं मशीन टाकलं, तेही पुढं कमी चालू लागलं. कारण बाजारात दुसऱ्या गाद्या आल्या.

एक काथ्याची. नारळाचा काथ्या रबराच्या चिकात बांधून केलेली. केरळात नारळ, त्यामुळं तिकडचा तो जुना धंदा. ही गादी कडक असते, हवा खेळते, आमच्या उन्हाळ्यात बरी. माझ्या मोठ्या मुलानं घेतली होती, सात-आठ वर्षं चांगली गेली. मग काठाकडून काथ्या तुटू लागला आणि पलंगाखाली तपकिरी भुगा पडू लागला. भुगा पडायला लागला की समजायचं, तिचे दिवस भरले.

दुसरी फोमची. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन, १९३७ च्या सुमारास जर्मनीत ऑटो बायर नावाच्या शास्त्रज्ञानं ती रसायनं शोधली. त्याच्या आधी इंग्लंडात डनलॉपनं रबराच्या चिकाचा फेस करून गादी काढली होती. चांगला फोम वाईट नसतो, हे मी स्पष्ट सांगतो. माझा राग फोमवर नाही. तो माझ्या स्वतःवर आहे.

२०१६ च्या हिवाळ्यात माय ओट्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढं. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. ती अंथरुणाला खिळली. मी ठरवलं, हिच्या पाठीखाली आता तरी गादी घालायची. गावात टेम्पो घेऊन गाद्या विकणारा आला होता. फुलाफुलांची खोळ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, सहा बाय तीन, चार इंच जाडी. "चाळीस डेन्सिटी, पाच वर्षं गॅरंटी," म्हणाला. डेन्सिटी म्हणजे काय ते मी विचारलं नाही. बाविसशे रुपये दिले. कापूस विकताना ज्याचा हात कोपरापर्यंत आत जातो त्या व्यापाऱ्याला मी शिव्या देतो, आणि मी स्वतः त्या गादीची चेनसुद्धा उघडून पाहिली नाही.

तीन महिन्यांत मायच्या कमरेखाली खड्डा पडला. चौथ्या महिन्यात पाठीला जखमा दिसल्या. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं की अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नुसत्या गादीनं भागत नाही, आणि वर हवेची गादी लागते, जी मशीननं आळीपाळीनं फुगते. ती भाड्यानं आणली. पण हवेच्या गादीखाली सपाट, भक्कम काहीतरी लागतं, आणि आमच्याकडं होता तो खड्डा. माय एकदाच बोलली. "गड्ड्यात निजवलं रे तू मले." हसतच बोलली. मला ते हसू अजून पुरत नाही.

ताईला फोन केला तर दुसऱ्या दिवशी ती आली, आणि जीपच्या टपावर तिची गादी. १९७९ ची. खोळ चौथी होती, आतली रुई तीच. सासरी दर पाच-सहा वर्षांनी उलंगवाडीनंतर तिनं ती उघडून पिंजून घेतली होती. दर उन्हाळ्यात दोन-चार दिवस उन्हात टाकायची, ओल निघून रुई फुगते. दर महिन्याला उशाकडची बाजू पायथ्याला. एवढंच. ती गादी खाली घातली, वर हवेची. मायनं हात खाली सरकवून गादीपाट चाचपला. ओळखला की नाही कोण जाणे. जखमा हळूहळू भरत आल्या. ते गादीमुळं की वळवण्यामुळं, हे मी सांगू शकत नाही, बहुतेक वळवण्यामुळं. ते काम ताईनंच केलं.

टेम्पोवाल्याची गादी मी त्या दिवशी उचलून सोयाबीनच्या काट्यावर टाकली. दोन किलो सातशे ग्रॅम. मग धाकट्या मुलाला विचारलं की ही डेन्सिटी म्हणजे काय. तो म्हणाला, "बाबा, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा फोमचा ठोकळा किती किलोचा, ते." मग आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. सहा बाय तीन फूट आणि चार इंच जाडीच्या गादीत चाळीस डेन्सिटीचा फोम असेल तर तो पावणेसात किलोच्या आसपास भरला पाहिजे. बत्तीसचा असेल तर साडेपाच किलो. आमची दोन-सातशे. म्हणजे सोळा डेन्सिटी. शंभरातले साठ रुपये मी हवेचे दिले होते. दहावीपर्यंतचं गणित होतं हे, मला येत होतं. मी केलंच नव्हतं.

तेव्हापासून गावात कोणी गादी घ्यायला निघालं की मला विचारतात, आणि मी एकच सांगतो, काटा घेऊन जा. फोम असो, रुई असो, वजन करा. चेन उघडून आत पाहा. कापसाची म्हणून जी स्वस्त मिळते तिच्यात पुष्कळदा चिंध्या पिंजून भरलेल्या असतात. रंगीत धागे दिसले की ओळखा. एकट्यासाठी दहा-बारा किलो रुई नसेल तर ती गादी नाही, दुपटं आहे. दुकानात लाजू नका, आडवे व्हा, कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडा. कमरेखाली हात सहज आरपार जात असेल तर फार कडक, कंबर रुतत असेल तर फार मऊ. पाठीच्या दुखण्याला फळी चांगली, असं आमच्या वेळचे लोक सांगायचे. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, फळी नको आणि ढगही नको, मधलं पाहा. आणि पैसे भागिले वर्षं करा. पाच हजाराची दहा वर्षं टिकली तर वर्षाला पाचशे. माझी बाविसशेची तीन महिने.

माय आठ महिन्यांनी गेली. त्याच गादीवर.

आमच्याकडं मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. स्मशानाच्या वाटेवर टाकतात, नाही तर कोणाला देऊन टाकतात. तिसऱ्या दिवशी भावकीतल्या म्हाताऱ्यांनी विषय काढलाच. वाकळा, लुगडी, सगळं गेलं. गादीकडं कोणीतरी हात केला तेव्हा ताई दारात उभी राहिली.

"गादी जाणार नाही."

"तसं करतेत का बाई? घरात दोष राह्यते."

"दोष खोळीत असन. खोळ घेऊन जा." तिनं तिथंच विळ्यानं टाके उसवायला सुरुवात केली. "रुई बाबानं पेरलेली हाये आन् मायनं रेच्यावर काढलेली. ते मी वाटंवर टाकू काय?"

बरीच बोलाबोली झाली. एक चुलते जेवायला थांबले नाहीत. मी ताईच्या बाजूनं बोललो नाही, हेही लिहून ठेवतो. मी गप्प उभा होतो. शेवटी खोळ गेली आणि रुई पोत्यांत भरून राहिली.

दारव्ह्याला चाचांच्या मुलाकडं आम्ही दोघं ती घेऊन गेलो. चाचा कधीच वारले होते. मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं, त्यानं मुद्दाम चालू केलं. पिंजायच्या आधी त्यानं रुई काट्यावर टाकली. ताईनंच टाकायला लावली. बारा किलोतली नऊ किलो चारशे भरली. अडतीस वर्षांत अडीच किलोच्या वर झडून, धूळ होऊन गेली होती. त्यानं मुठीत धरून दाबली, उघडली.

"उठती है," तो म्हणाला.

नऊ किलोत पूर्वीसारखी जाड होणार नव्हती. तीन किलो भर घालायला त्याच्याकडं होती ती बीटीची. ताई नको म्हणाली. पातळ तर पातळ, म्हणाली, मी काय आता पैलवान हाये. तशीच शिवून घेतली.

मी त्या पावसाळ्यात देशीचं बियाणं शोधत अकोल्यापर्यंत गेलो. कृषी विद्यापीठात मिळालं. बरडावर पाच तास टाकले. पहिल्या वर्षी रानडुकरांनी निम्मे उपटले. आता वर्षाला पंधरा-वीस किलो कापूस येतो, बाया तसाच कुरकुरतात, मी थोडी मजुरी जास्त देतो. जमवलेला खोलीत आहे. रेचा आजीबरोबरच गेला, तेव्हा सरकी काढायची कुठं हा प्रश्न आहे, एवढ्याशा कापसाला जिनवाले हात लावत नाहीत. ताई म्हणते, हातानं काढू, सुटीत नाती येतात त्यांना बसवू.